पार्श्वभूमी : वॉटर मेझमध्ये नेमकं काय मोजलं जातं?

वॉटर मेझ म्हणजे पाण्याचा हौद. त्यात सोडलेला प्राणी पाण्याखाली दडवलेल्या प्लॅटफॉर्मची जागा शिकतो का, हे त्यात तपासतात. पण आधी त्यामागचा इतिहास. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अमेरिकेत रॅटसाठी, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांसाठी, जो चक्रव्यूह (मेझ) बांधला गेला, त्याचा आराखडा लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्टमधल्या भूलभुलैयावरून घेतला होता. त्यानंतरची सत्तर वर्षं इथे ओलांडली तरी चालेल. १९७६ मध्ये आठ भुजांचा रेडियल मेझ आला. त्यात प्राणी उपाशी ठेवावा लागे आणि तो वासावरून तर जात नाही ना, ही शंका सतत राही. १९७९ मध्ये म्हाताऱ्या रॅटची स्मरणशक्ती तपासण्यासाठी कडेला १८ भोकं असलेला गोल टेबल तयार झाला. त्यात प्राण्याला उपाशी ठेवावं लागत नव्हतं, प्रखर उजेड टाळण्याची ओढ पुरत होती.

१९८१ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथे पाण्याचा हौद पुढे आला. दूध घालून पाणी गढूळ करायचं आणि पृष्ठभागाखाली प्लॅटफॉर्म दडवायचा. वासाचा माग नाही, जवळची खूण नाही. खोलीतल्या लांबच्या वस्तूंवरूनच जागा ओळखायची. पुढच्याच वर्षी दिसून आलं की हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग) काढलेल्या रॅटना दडलेला प्लॅटफॉर्म सापडत नाही, पाण्यावर दिसणारा मात्र सापडतो. इतकं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर हौद सगळीकडे पोहोचला नसता तरच नवल.

खरा गुंता १९८६ पासूनचा. मेंदूतले एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे चेतापेशींवरचे संदेश घेणारे एक प्रकारचे रेणू, एपी-५ या औषधाने रोखले की रॅट जागा शिकत नाहीत, असा निष्कर्ष निघाला आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला. १९९५ मध्ये एकाच नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. एका गटाने रॅटना आधी नुसती हौदाची रीत शिकवली : भिंत सोडून पोहायचं, प्लॅटफॉर्मवर चढून थांबायचं. जागा शिकवलीच नाही. मग रिसेप्टर रोखूनही ते जागा शिकले. दुसरा शोधनिबंध हौदाच्या जनकाच्याच प्रयोगशाळेतला. तिथे दुसऱ्या हौदात जागा शोधायला आधी शिकलेले रॅट एपी-५ असूनही जवळजवळ व्यवस्थित शिकले. पण नुसती रीत शिकलेल्यांची उणीव पुरती भरून निघाली नाही. म्हणजे आधीचं कुठलं शिक्षण पुरतं, यावर दोघांचं जमलं नाही. या विषयावरच्या बहुतेक आढाव्यांत १९८६ ठळक असतं आणि १९९५ एखाद्या ओळीत आटोपतं. माझ्या मते ते उलट असायला हवं. प्राणी उशिरा पोहोचला, तर तो जागा विसरला की हौदात वागायचं कसं हेच त्याला कळलं नव्हतं, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा नीट पटलावर आला.

तोवर जीन काढून टाकलेले माऊस, म्हणजे लहान जातीचे उंदीर, आले होते. १९९२ पासून त्यांनाही याच हौदात सोडलं जाऊ लागलं, हौद थोडा लहान करून. पण माऊस म्हणजे छोटा रॅट नव्हे. तो भिंतीला धरून फिरतो, कधी पोहणं सोडून नुसता तरंगत राहतो. कोरड्या जमिनीवर माऊस रॅटच्या बरोबरीने शिकतात आणि पाण्यात मागे पडतात, हे १९९६ मध्येच दाखवलं गेलं. २००९ मध्ये गोल टेबलापेक्षा हौदात माऊसचं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक जास्त चढतं, हेही नोंदलं गेलं. तरंगणाऱ्यांना मोजणीतून वगळायचं की नाही, हे आजही प्रत्येक प्रयोगशाळा आपापलं ठरवते.

मोजमाप सुधारलं, पण हळूहळू. पोहण्याचा वेग बदलला की वेळ बदलतो, म्हणून पोहलेलं अंतर मोजायला लागले. १९९३ मध्ये प्राणी प्लॅटफॉर्मच्या जागेपासून सरासरी किती लांब राहिला, हे माप आलं. प्लॅटफॉर्म काढून घेतलेल्या चाचणीत, म्हणजे प्रोब ट्रायलमध्ये, हौदाच्या ज्या पाव भागात प्लॅटफॉर्म होता तिथे किती सेकंद घालवले यापेक्षा तेच माप जास्त संवेदनशील ठरतं, असं २००९ च्या तुलनेत दिसलं. आपल्याकडे ब्राह्मीसारख्या वनस्पतींचा अर्क आणि स्कोपोलामाइन (स्मरण बिघडवणारं औषध) घेऊन केलेल्या कामांत मात्र अजून बरेचदा सेकंदांचाच आलेख असतो, आणि दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची चाचणी घेतली की नाही ते शोधावं लागतं.