जनुक शमन : प्रोस्टेट कर्करोगातील

विशिष्ट जनुकाचा संदेशवाहक आरएनए नष्ट करून किंवा अडवून त्या जनुकाचे प्रथिन तयार होऊ न देण्याचे तंत्र. यात मूळ डीएनएला हात लावला जात नाही. प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीच्या कर्करोगावर हे तंत्र अजून प्रायोगिक आहे.

तंत्राचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. सामान्यतः अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांच्या १९९८ मधील सूत्रकृमींवरील प्रयोगांपासून (नोबेल, २००६) तो मोजतात. वनस्पतिशास्त्रज्ञ १९९० च्या सुमाराच्या पेटुनियाकडे बोट दाखवतात : रंगद्रव्याचे जादा जनुक घालूनही काही फुले पांढरी उमलली होती. प्रोस्टेटपुरते पाहता मात्र झामेक्निक व स्टीफन्सन यांचे १९७८ मधील अँटिसेन्स रेणूंवरील (संदेशवाहक आरएनएला पूरक असल्याने त्याला चिकटून तो अडवणाऱ्या रेणूंवरील) काम हाच आरंभ मानणे सयुक्तिक दिसते. कारण या रोगात रुग्णांवरील चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचलेले कस्टिरसेन हे औषध त्याच परंपरेतले.

कस्टिरसेनचे लक्ष्य क्लस्टरिन. ताणाखालील पेशीला मरणापासून वाचवणारे हे प्रथिन वृषणोच्छेदन व रसायनोपचारानंतर वाढते. दुसऱ्या टप्प्यात ८२ रुग्णांमध्ये डोसिटॅक्सेल या रसायनोपचाराच्या औषधाला कस्टिरसेनची जोड दिल्यावर मध्यक जीवनकाल २३.८ महिने, तर जोड नसताना १६.९ महिने आढळला. पीएसएतील (रोगाचा जोर मोजण्यासाठी रक्तात तपासल्या जाणाऱ्या प्रोस्टेटच्या प्रथिनातील) घट मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखीच होती. याकडे तेव्हा पुरेसे लक्ष गेले नसावे. पुढे १,०२२ रुग्णांच्या चाचणीत जीवनकालात अर्थपूर्ण फरक दिसला नाही. अपयशाचे कारण काही अभ्यासक रुग्णांच्या निवडीत शोधतात. परंतु कॅबाझिटॅक्सेल या दुसऱ्या रसायनोपचारासोबतच्या नंतरच्या चाचणीत गंभीर रुग्णांचा गट वेगळा तपासूनही लाभ आढळला नाही. त्यामुळे लक्ष्यच दुबळे होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दुसरे लक्ष्य अँड्रोजेन ग्राही, म्हणजे पुरुष-संप्रेरकांचा संदेश स्वीकारणारे पेशीतील प्रथिन. त्याला रोखणारे एन्झालुटामाइड हे औषध ज्या भागाला चिकटते तो भागच ग्राहीच्या एआर-व्ही७ या आखूड रूपात नसतो. पूर्ण व आखूड अशा दोन्ही रूपांना समान असलेल्या आरएनए-भागावर नेम धरल्यास दोन्ही एकदम दबतात. प्रयोगशाळेतील पेशींत हे साधले आहे.

खरी अडचण पोहोचवण्याची. सुमारे २१ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या घटकांचा) लघु व्यत्ययी आरएनए, म्हणजे संदेशवाहक आरएनए नष्ट करवणारा छोटा तुकडा, ऋणभारित असल्याने पेशीपटल सहजी ओलांडत नाही, आणि शिरेतून दिलेल्या मात्रेचा बराचसा भाग यकृत व मूत्रपिंडांकडे जातो. या वर्गातील पहिले मान्यताप्राप्त औषध पॅटिसिरान (२०१८) यकृतातल्या जनुकावर चालते, ते यामुळेच. प्रोस्टेट कर्करोग मात्र पसरतो तो मुख्यतः हाडांत. २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठात पीएसएमए हे प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवरील प्रथिन ओळखणाऱ्या अ‍ॅप्टामरला (ठरावीक लक्ष्याला चिकटणाऱ्या आरएनए-रेणूला) असा आरएनए जोडण्यात आला. पीएसएमए असलेल्या एलएनकॅप या प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींच्या गाठी उंदरांत आकसल्या, ते नसलेल्या पीसी-३ या पेशींच्या नाहीत. इंजेक्शन थेट गाठीत दिले होते, म्हणजे शिरेतून पोहोचवण्याची अडचण यात सुटली नव्हती, हे येथे नोंदवले पाहिजे.

स्वतः कर्करोगही जनुके शमवतो : बहुतेक प्रोस्टेट अर्बुदांत जीएसटीपी१ हे संरक्षक जनुक मिथिलीकरणाने (डीएनएवर मिथिल गट जोडले गेल्याने) बंद असते. ते पुन्हा चालू करणे हा स्वतंत्र विषय आहे.