शेळी गटाचा फॉर्म भरताय? आधी मोबाईल नंबर स्वतःचा टाका

पशुसंवर्धन विभागाच्या नाविन्यपूर्ण योजनेत 10 शेळ्या अन् 1 बोकड मिळतो, फॉर्म विभागाच्या महाबीएमएस वेबसाईटवर ऑनलाईन भरायचा. उस्मानाबादी किंवा संगमनेरी गटाची किंमत सरकारनं 1,03,545 रुपये धरलीय, म्हणजे शेळी 8,000, बोकड 10,000 अन् वरती विमा. ओपनला निम्मं अनुदान, 51,773, एससी-एसटीला 75 टक्के म्हणजे 77,659. उरलेले खिशातून नाहीतर बँकेचं कर्ज. आता 8,000 मध्ये चांगली शेळी कोण देतो हे बाजारात जाऊन बघा, म्हणून थोडे जास्तीचे हाताशी ठेवाच.

निवडीत आधी दारिद्र्यरेषेखालचे, मग 1 हेक्टरपर्यंतचे अत्यल्पभूधारक, मग 2 हेक्टरपर्यंतचे, रोजगार कार्यालयात नाव असलेले बेरोजगार, बचत गटातल्या महिला. एका कुटुंबात एकालाच मिळतं, त्यामुळे दोघा भावांचं एकच रेशन कार्ड असेल तर घरात आधीच ठरवा. 1 मे 2001 नंतर तिसरं अपत्य असेल तर जमत नाही.

फॉर्म भरताना नुसती माहिती लागते, कागदं नंतर, निवडीचा मेसेज आला की अपलोड करायची, अन् तिथंच लोक आपटतात कारण मुदत थोडीच असते. आमच्या मेव्हण्यानं फॉर्म भरणाऱ्या पोराचाच नंबर टाकला, मेसेज त्याच्याकडं पडून राहिला अन् यांचा नंबर हुकला! आधार, सातबारा, आठ अ, रेशन कार्ड, पासबुक, रहिवासी दाखला, अपत्यांचं घोषणापत्र, असेल तर जातीचा, दारिद्र्यरेषेचा, अपंगत्वाचा दाखला, सगळं आत्ताच फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. सातबारा बापाच्या नावावर असेल तर संमतीपत्र लागतं.

चाऱ्याचं मात्र फॉर्मच्या आधी बघा राव. एका शेळीला दिवसाला साधारण 3-4 किलो हिरवा अन् किलोभर सुका लागतो, 11 जनावरांचा हिशोब तुम्हीच करा. सिन्नर-नांदगावकडं उन्हाळ्यात बांधावर काय उरतं माहितीच आहे, शेवरी, सुबाभूळ पावसाळ्यातच लावून टाका. गाभण राहिल्यावर शेळी 5 महिन्यांत विते, त्यामुळे बोकड दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर, म्हणजे मोठ्या झालेल्या मादी करडांवर जातो अन् करडं बारकी निघतात.

शेळीच्या कानातला ओळखीचा बिल्ला पडला तर लगेच दवाखान्यात सांगा. शेळी मेली तर पुरायच्या आधी डॉक्टरला बोलवा, बिल्ल्यासकट फोटो काढा, नाहीतर विम्याचा क्लेम अडकतो.