आतड्याच्या जोडावरचा जैविक पॅच: विकत घेण्याआधी

चिठ्ठीवर ‘फायब्रिन सीलंट’ किंवा ‘कोलॅजन पॅच’ लिहिलेलं असलं की नातेवाईक आधी किंमत विचारतात, मग हळूच विचारतात, “हे नाही लावलं तर टाके उसवतील का हो?” आमच्या औषधांच्या काउंटरवर गर्दीत याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आतड्याचा खराब भाग काढल्यावर उरलेली दोन टोकं टाक्यांनी किंवा स्टेपलरनं जोडतात. टाका धरून ठेवतो तो आतड्याच्या भिंतीतला सबम्युकोसाचा (आतल्या अस्तराखालचा) थर. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८७ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. पण पहिल्या तीन-चार दिवसांत सुजेमुळे जुनं कोलॅजन (भिंतीला मजबुती देणारं प्रथिन) झिजतं आणि नवं पुरेसं तयार झालेलं नसतं. जोड तेव्हाच सगळ्यात नाजूक. गळती झालीच, म्हणजे जोडातून आतड्यातला मळ पोटात झिरपला, तर ताप, वाढलेली नाडी, फुगलेलं पोट, ड्रेनमधून (पोटात ठेवलेल्या नळीतून) मळकट पाणी अशी लक्षणं बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतात. लहान आतड्यात हे क्वचित घडतं. गुदाशयाच्या अगदी खालच्या जोडात मात्र ढोबळमानानं दहातल्या एकाला.

जैविक साहित्य या नाजूक दिवसांत जोडाला बाहेरून आधार देण्यासाठी आहे. फायब्रिन सीलंटमध्ये दोन सिरिंज असतात, एकीत फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन, दोन्ही रक्त गोठवणारी प्रथिनं. टोकाशी दोन्ही मिसळले की रक्त गोठतं तसा चिकट थर बनतो. ते मानवी प्लाझ्मापासून (रक्तातल्या पातळ भागापासून) तयार होतं. कोलॅजन पॅचच्या एका प्रकारात हेच घटक कोरडे लावलेले असतात. पिवळी बाजू जोडावर ठेवून किमान ३ मिनिटं दाबून धरावी लागते. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टरांनी कृपया बाजू तपासूनच पॅच पुढे करावा. याशिवाय डुकराच्या आतड्याचा सबम्युकोसा आणि गोवंशीय प्राण्यांच्या हृदयावरणाच्या पट्ट्या, हेही वापरतात, दोन्ही पेशी काढून शुद्ध केलेले.

वस्तू कोणत्या प्राण्यापासून आहे, हे आम्ही विचारण्याआधीच सांगतो. वर सांगितलेल्या पॅचमधलं कोलॅजन घोड्याचं असतं. कुणाच्या घरी हे चालतं, कुणाच्या नाही. डॉक्टरांशी शस्त्रक्रियेआधीच बोला. टेबलावर घेतल्यावर पर्याय शोधायला वेळ नसतो.

आता खरं सांगायचं तर, प्राण्यांवरच्या प्रयोगांत यातली बरीच साधनं चांगली ठरली, माणसांत मात्र गळती हमखास कमी होते असं सिद्ध झालेलं नाही. पोटातलंच ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) जोडाभोवती गुंडाळण्याची पद्धत जुनी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, ७१२ रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत तिनंही गळती कमी झाली नाही. टोकांना रक्तपुरवठा चांगला हवा, जोडावर ताण नको. हे नसेल तर महागातला पॅचही कामाचा नाही. तंबाखू-सिगारेट सोडणं, खाल्लेलं अंगी लागणं, साखर ताब्यात ठेवणं, स्टिरॉइड चालू असल्यास डॉक्टरांना सांगणं, यासाठी आमच्याकडे यायची गरजच नाही. खालच्या जोडासाठी डॉक्टर तात्पुरता स्टोमा (मळ बाहेर काढायला पोटावर केलेली वाट) सुचवतील तर घाबरून नकार देऊ नका. गळती झालीच तर तोच जीव वाचवतो.

गोठवलेलं सीलंट न्यायला आइसबॉक्स घेऊन या. एकदा वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही. पाकिटावरचं बॅच नंबरचं स्टिकर केसपेपरवर लावून घ्या. सील न फोडलेला कोरडा पॅच बिलासह परत घेतो. सीलंट घेत नाही, कारण ते वाटेत किती वेळ बाहेर राहिलं हे आम्हाला कळायला मार्ग नसतो.