सोहोतल्या दुकानात विकायला आलेला धातू

एप्रिल १८०३ मध्ये लंडनच्या सोहो भागात, २६ जेरार्ड स्ट्रीटवरच्या मिसेस फॉर्स्टर यांच्या दुकानात एक नवा धातू विक्रीला आला. भाव तुकड्यागणिक पाच शिलिंग, अर्धी गिनी किंवा एक गिनी (म्हणजे २१ शिलिंग). सोबतच्या जाहिरातीवर नाव होतं ‘पॅलेडियम, अर्थात नवी चांदी’. शोधणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. गुणधर्म तेवढे चोख दिलेले: नायट्रिक आम्लात विरघळून गडद लाल द्रावण होतं, लोहाराच्या भट्टीतही जेमतेमच वितळतो, पण तापलेला असताना गंधकाचा खडा टेकवला तर जस्तासारखा वाहू लागतो.

हा उद्योग इंग्रज रसायनज्ञ विल्यम हाइड वोलॅस्टन यांचा. १८०० च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्यांनी मित्र स्मिथसन टेनंटसोबत ५,९५९ औंस, म्हणजे सुमारे १८५ किलो, कच्चं प्लॅटिनम ७९५ पौंडांना घेतलं होतं. घडाईला योग्य प्लॅटिनम विकून पैसा करायचा, हा बेत.

कच्चा माल अम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवायचा. तळाशी जो काळा गाळ उरायचा, त्यात टेनंटना पुढे ऑस्मियम आणि इरिडियम सापडले. वरच्या द्रावणात नवसागर घातला की प्लॅटिनमचा पिवळा साका बसतो. साका लालसर दिसला तर त्यात इरिडियम शिरलं आहे असं समजावं. द्रावणात नायट्रिक आम्ल जास्त राहिलं तर पॅलेडियमही साक्यात उतरण्याचा धोका असतो, म्हणून ते आधी आटवून घालवलेलं बरं.

गंमत उरलेल्या पाण्यात होती. त्यातले धातू लोखंडाने खाली पाडले, नायट्रिक आम्लात पुन्हा विरघळवले आणि त्यात पारा टाकला. द्रावणातलं तांबं पाऱ्याने बाहेर पडत नाही, पण पॅलेडियम पडतं आणि पाऱ्यातच मिसळतं. पारा उडेपर्यंत तापवलं की मागे पांढरा धातू राहतो. हे १८०२ चं. पुढे त्यांनी पाऱ्याचं सायनाइड वापरून पॅलेडियम थेट साक्यात उतरवायची आणखी सोपी रीत काढली. नाव घेतलं त्याच वर्षी दिसलेल्या पॅलास या लघुग्रहावरून.

मग लपवाछपवी कशाला? माल कुठून आला हे सांगितलं असतं तर प्लॅटिनमच्या धंद्याचं गुपित फुटलं असतं. पण शोधाचा मान दुसऱ्याने पटकवायलाही नको होता. जाहिरात म्हणजे तारखेचा पुरावाच. चलाखी खरी, पण तिने एका चांगल्या माणसाची फसगत केली.

आयरिश रसायनज्ञ रिचर्ड चेनेविक्स यांनी दुकानातला माल विकत घेऊन प्रयोग केले आणि लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेसमोर ठासून सांगितलं की हा प्लॅटिनम आणि पाऱ्याचा मिश्रधातू आहे. त्याच वर्षी त्यांना सोसायटीचं मानाचं कोपले पदकही मिळालं. इतरांना त्यांच्या कृतीने पॅलेडियम बनवता येईना. डिसेंबरात एका निनावी पत्राने आव्हान दिलं: साक्षीदारांसमोर वीस ग्रेन, म्हणजे जेमतेम सव्वा ग्रॅम, पॅलेडियम कृत्रिमरीत्या बनवून दाखवा आणि वीस पौंड घेऊन जा. कोणीही पुढे आलं नाही. १८०५ मध्ये वोलॅस्टननी आपलं नाव उघड केलं.

प्लॅटिनमची खरी कृती मात्र १८२८ च्या अखेरीपर्यंत झाकलेलीच राहिली. साका हळूहळूच तापवायचा, नाहीतर कण एकमेकांना चिकटतात. मग भुकटी लाकडी बत्त्याने दळायची. कठीण बत्त्याने कण घासून गुळगुळीत होतात आणि पुढे सांधत नाहीत. ओली भुकटी पितळी साच्यात दाबायची, भट्टीत लाल करायची आणि गरम असतानाच हातोड्याने ठोकायची. ही कृती सांगून काही आठवड्यांतच, २२ डिसेंबरला, वोलॅस्टन वारले.