स्वाक्षरीसंग्रह, अमेरिकी (एकोणिसावे शतक)

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, सेनानी, लेखक व समाजसुधारक यांची हस्तलिखित पत्रे आणि त्यांच्या सहीचे कागद जमवण्याचा, पारखण्याचा व जपण्याचा छंद. पुढे त्याचा व्यापार झाला आणि पारख हे स्वतंत्र शास्त्र झाले. संग्राहकांच्या लेखी या कागदांची उतरंड ठरलेली आहे. संपूर्ण पत्र स्वहस्ताक्षरात आणि खाली सही, हा सर्वांत वरचा दर्जा. मजकूर लेखनिकाचा, सही स्वतःची, हा त्याखालचा. छापील नमुन्यावरची नेमणूकपत्रे, सनदा, धनादेश त्यानंतर येतात; कापून घेतलेली नुसती सही तळाला.

त्या कात्रीने केलेले नुकसान भरून येणारे नाही. आल्बममध्ये चिकटवण्यासाठी कित्येक पत्रांच्या सह्या कापल्या गेल्या आणि उरलेला मजकूर फेकून दिला गेला. पत्र कोणाला होते, कशाबद्दल होते, हे अशा वेळी कायमचे गेले. सहीचे मोल मजकुरामुळे असते, हे संग्राहकांना उशिरा उमगले.

अमेरिकेतील आद्य संग्राहकांत विल्यम बी. स्प्रेग (१७९५–१८७६) या धर्मोपदेशकांचे नाव अग्रभागी आहे. तरुणपणी व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नातलगांकडे शिकवणीला असताना त्यांना वॉशिंग्टन यांच्या दप्तरातून पत्रे नेण्याची मुभा मिळाली. अट एकच होती : नेलेल्या पत्राची नक्कल मागे ठेवायची. अशी सुमारे दीड हजार पत्रे त्यांनी नेली. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ५६ जणांचा पूर्ण संचही प्रथम त्यांनीच जुळवला. १८८७ मध्ये वॉल्टर बेंजामिन यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वाक्षऱ्यांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय सुरू केला.

या साऱ्या क्षेत्रात अब्राहम लिंकन यांच्या कागदांना तोड नाही. खाजगी पत्रांवर ते सहसा ‘ए. लिंकन’ अशी सही करीत. सरकारी दस्तऐवजांवर पूर्ण नाव लिहीत. १ जानेवारी १८६३ रोजी गुलामांच्या मुक्तीच्या घोषणापत्रावर सही करण्यापूर्वी नववर्षाच्या स्वागतसमारंभात तासन् तास हस्तांदोलन करून त्यांचा हात आखडला होता. सही थरथरली तर पुढे लोक म्हणतील की लिंकन कचरले, ही काळजी त्यांनी बोलून दाखवली आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिले.

घोषणापत्राच्या मसुद्यांची कथा या छंदाशी थेट जोडलेली आहे. यादवी युद्धातील सैनिकांच्या मदतीसाठी शहरोशहरी जत्रा भरत आणि त्यांत थोरांच्या हस्ताक्षरांची विक्री होई. अंतिम घोषणेचा स्वहस्ताक्षरातील मसुदा लिंकन यांनी शिकागोच्या जत्रेला दिला. तो ३,००० डॉलरला गेला आणि १८७१ च्या शिकागोच्या आगीत जळाला. त्याआधीच्या प्राथमिक घोषणेचा मसुदा न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे सोडतीत निघाला. गुलामगिरीचे कट्टर विरोधक गेरिट स्मिथ यांनी एकेक डॉलरची १,००० तिकिटे घेतली होती. मसुदा त्यांनाच मिळाला. आज तो न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथालयात आहे. घोषणापत्राच्या, लिंकन यांच्या सहीच्या ४८ छापील प्रती १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या जत्रेत प्रत्येकी १० डॉलरला विकायला ठेवल्या होत्या. त्यांपैकी रॉबर्ट केनेडी यांच्या मालकीची प्रत २०१० मध्ये सुमारे ३८ लाख डॉलरला गेली.

राष्ट्राध्यक्षाचे नाव दिसले म्हणजे सही त्याचीच, असे मात्र नाही. सरकारी जमिनीच्या सनदा इतक्या वाढल्या की मार्च १८३३ च्या कायद्याने त्यांवर चिटणिसाने राष्ट्राध्यक्षांच्या वतीने सही करावी असे ठरले. त्यामुळे अँड्र्यू जॅक्सन यांच्या नावाची सनद हाती आली की जाणकार आधी सहीखालची ओळ पाहतो. तिथे चिटणिसाचे नाव असेल तर जॅक्सन यांचा हात त्या कागदाला लागलेला नाही. यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांच्या नावाने त्यांच्या पत्नी व्हॅरिना सही करीत, तीही ओळखणे सोपे नसते.

हा सारा प्रामाणिक व्यवहार झाला. बनावट सह्यांचा प्रकार वेगळा. इंग्लंडहून आलेल्या रॉबर्ट स्प्रिंग याने वॉशिंग्टन यांचे परवाने व धनादेश बनवून विकले, पुढे यादवी युद्धातील दक्षिणेचे सेनानी जनरल स्टोनवॉल जॅक्सन यांची मुलगी असल्याचे भासवून परदेशातील ग्राहकांना फसवले. विसाव्या शतकात जोसेफ कोझी याने लिंकन आणि लेखक एडगर ॲलन पो यांचे हस्ताक्षर इतके हुबेहूब वठवले की त्याच्या नकलाच आता संग्रहात ठेवल्या जातात. मार्क हॉफमन याने रचलेली कवयित्री एमिली डिकिन्सन हिची ‘अप्रकाशित कविता’ १९९७ मध्ये लिलावात तिच्या गावच्या, ॲम्हर्स्टच्या ग्रंथालयाने विकत घेतली. खोटेपणा उघड झाल्यावर पैसे परत मिळाले.

पारखीला शाई व कागद मदत करतात. त्या काळची लोहयुक्त शाई आधी काळी असते, मग तांबूस होते आणि प्रमाण चुकले असेल तर कागद खाते. चिंध्यांपासून केलेला जुना कागद टिकतो. शतकाच्या उत्तरार्धातला लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडून तुटतो.

कधी सगळे अस्सल असून एकच आकडा खोटा असतो. पॅट्रिक मर्फी या सैनिकाला लिंकन यांनी दिलेल्या माफीवर १४ एप्रिल १८६५, म्हणजे त्यांच्यावर गोळी झाडली गेली तो दिवस, दिसत होता. त्यामुळे ती त्यांच्या अखेरच्या कृतींपैकी एक मानली गेली. कागद खरा, सही खरी. पण वर्षातला ५ इतर अक्षरांपेक्षा गडद होता आणि त्याच्याखाली पुसटसा ४ दिसत होता. मूळ वर्ष १८६४ असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०११ मध्ये जाहीर केले.