तोंडातली जखम आणि दोन आठवड्यांची चाळणी

"तोंड आलंय, बी कॉम्प्लेक्स लिहून द्या." नागपुरातल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरला हे वाक्य पाठ आहे. बहुतेक वेळा पेशंटचं निदान बरोबरही असतं. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे, ज्यांच्या जखमेमागे कॅन्सर असू शकतो, आणि चौकाचौकात पानठेल्यावर खर्रा (तंबाखू, सुपारी, चुन्याचं मिश्रण) घोटला जातो त्या शहरात हे थोडे सोडून देता येत नाहीत.

मग प्रत्येकाला पहिल्याच दिवशी मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला) किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला का पाठवत नाहीत? समजा, तोंडात जखम घेऊन १००० जण आले आणि त्यांतल्या ५ जणांना कॅन्सर आहे (आकडे फक्त हिशेबासाठी घेतलेले). सगळेच पाठवले तर तज्ज्ञाला २०० मागे एक सापडेल आणि गर्दीत नेमका त्याचाच नंबर उशिरा लागेल. त्याऐवजी जखमेला लागणारा टोकदार दात घासून घ्यायचा, खर्रा बंद करायला सांगायचा आणि दोन आठवडे थांबायचं. तोंडातलं अस्तर झपाट्याने नवं होतं, त्यामुळे साधे छाले ७ ते १४ दिवसांत भरतात. दाताने झालेली जखमही कारण दूर केलं की बहुधा भरते. कॅन्सरची भरत नाही, तिथल्या पेशी खाली आत घुसत असतात. समजा ९६० जण बरे झाले. उरलेल्या ४० मध्ये ते पाचही आहेत, म्हणजे ८ मागे एक. मशीन नाही, सुई नाही, तरी शक्यता २५ पट झाली!

थोडं गणित आवडणाऱ्यांसाठी: कॅन्सर नसलेल्या ९९५ पैकी ३५ जणांची जखम टिकली, म्हणजे साडेतीन टक्के, कॅन्सर असलेल्या सगळ्यांची टिकली. १०० भागिले ३.५ म्हणजे सुमारे २८, हा लाइकलीहूड रेशो, म्हणजे कॅन्सर असलेल्याची जखम टिकण्याची शक्यता कॅन्सर नसलेल्याच्या किती पट. सुरुवातीचं प्रमाण कॅन्सर असलेला १ ला नसलेले १९९, त्याला २८ ने गुणलं की १ ला ७. सुरुवातीचं प्रमाणच जास्त असेल, जसं रोज खर्रा खाणाऱ्यांत असतं, तर तीच चाळणी आणखी नेमकी पकडते. केरळात तोंड तपासणीची मोठी चाचणी झाली, तिचे २००५ साली आलेले निष्कर्ष याच अंगाचे आहेत: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, इतरांत तसा फायदा दिसला नाही.

काही खुणा मात्र दिसल्या तर एक दिवसही थांबायचं नाही: बोटाला कडक लागणारी कड, मखमली लाल चट्टा, मानेत टणक गाठ, ओठ किंवा जीभ बधिर होणं, हिरडी चांगली असताना हलणारा दात. म्हणून नुसतं टॉर्च मारून भागत नाही. ग्लोव्ह घालून बोट फिरवावं लागतं, विशेषतः गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत, जिथे खर्रा दाबून ठेवतात. जीभ गॉजने धरून दोन्ही कडा बघायच्या. पेशंटला स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगायची. ती जात नसतील तर सुपारीतल्या अरेकोलिनने गालाखाली कोलॅजेनचे (शरीरातल्या चिवट तंतूंचे) पट्टे धरलेत असा संशय घ्यायचा. असं तोंड मागच्या दाढेपर्यंत दिसतच नाही, त्यामुळे तिथली जखम हमखास सुटते.

चाळणी फसते ती तारीख न दिल्याने. "बघू, नाही बरं झालं तर या" असं ऐकलेला माणूस बधिर करणारं जेल लावतो, दुखणं थांबतं आणि तो चार महिन्यांनी उगवतो. सुरुवातीचा कॅन्सर तसाही फारसा दुखत नाही. दुसरी फसगत चिठ्ठीची: "कृपया तपासावे" एवढंच. जागा, आकार मिलिमीटरमध्ये, किती दिवसांपासून, रोज किती खर्रे, तोंड किती उघडतं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे लिहिलं तर तज्ज्ञाकडची एक फेरी वाचते.

फुल बॉडी चेकअपच्या महागड्या पॅकेजमध्ये तोंडाचा कॅन्सर पकडणारी रक्ताची तपासणी नसते, कारण भरवशाची अशी तपासणी अजून नाही. आणि "हत्यार लागलं की कॅन्सर भडकतो" हे धादांत खोटं. पेशंट बायोप्सी टाळून जडीबुटीवर जे महिने घालवतो, त्यांत तो वाढतो. बायोप्सी म्हणजे जागा बधिर करून जखमेच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही असं आलं आणि तरी जखम भरली नाही, तर तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. पहिला कदाचित मधल्या मेलेल्या भागातून आलेला असतो.