बृहत आराखडा म्हणजे फक्त कॉलेजांची यादी का झाला? थोडी पार्श्वभूमी

विद्यापीठाच्या बृहत आराखड्याची (५ वर्षांच्या विकास आराखड्याची) बातमी आली की लोक एकच गोष्ट शोधतात, आपल्या तालुक्यात नवीन कॉलेज आहे की नाही. खरंतर पुढच्या ५ वर्षांत विद्यापीठ काय शिकवणार, संशोधन कशात करणार, प्राध्यापक किती लागणार, पैसा कुठून आणणार हे सगळं आराखड्यात ठळकपणे दिसायला हवं, पण चर्चा कॉलेजांच्या यादीवरच येऊन थांबते. याला आजचे कुलगुरू किंवा आजचं मंत्रालय एवढंच कारण नाही, हे फार जुनं आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय सिनेटमधली (म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेतली) भांडणं नुसती माणसामाणसांतली वाटतात.

सुरुवात १८५७ पासून. भारतातल्या शिक्षणाबद्दलचा ब्रिटिशांचा वुडचा खलिता १८५४ चा, त्यानंतर कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली आणि तिन्ही त्यावेळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ला झाली आणि १८६२ ला पहिले बीए बाहेर पडले, त्यात रानडे आणि भांडारकर होते, पण त्यांना शिकवणारे लोक विद्यापीठाच्या नोकरीत नव्हते. कुलपती म्हणजे मुंबईचे गव्हर्नर, पदसिद्ध. कुलगुरू बिनपगारी, आपलं मूळ काम सांभाळून हे बघणारा माणूस, बऱ्याचदा हायकोर्टाचा जज्ज. १८९२ ला न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग कुलगुरू झाले, मुंबईचे पहिले भारतीय कुलगुरू, तेही हायकोर्टाचे जज्जच. आता ज्या संस्थेचं काम पेपर काढणं, निकाल लावणं आणि कॉलेजला संलग्नता देणं (म्हणजे आपल्याशी जोडून घेणं) एवढंच आहे तिला नियोजन कशाचं लागणार? म्हणून नियोजन करणारं पद किंवा यंत्रणा त्या ढाच्यात ठेवलीच नव्हती.

मग व्हाइसरॉय कर्झनचा १९०४ चा विद्यापीठ कायदा. आधी फेलो (सिनेटचे सदस्य) तहहयात असायचे, या कायद्याने मुदत ५ वर्षं केली, संख्येवर मर्यादा आणली (तीन जुन्या विद्यापीठांत ५० ते १००) आणि त्यातले बहुतेक सरकारने नेमलेले. गोखल्यांनी या विधेयकाला कडाडून विरोध केला तो यासाठीच, कारण सुधारणेच्या नावाखाली सिनेट सरकारच्या हातात जात होती. कॉलेजांची तपासणी करून संलग्नता द्यायची पद्धतही याच कायद्यात घट्ट झाली. मला वाटतं आजच्या कारभाराची दोन मुळं इथेच सापडतात, संलग्नतेची तपासणी हे मुख्य काम आणि शेवटचा शब्द सरकारचा.

सॅडलर आयोगाने (१९१७ ते १९१९) पहिल्यांदा नीट सांगितलं की कुलगुरू पूर्णवेळ आणि पगारी हवा, अभ्यासक्रमाचं काम शिक्षकांच्या वेगळ्या मंडळाकडे हवं. आयोग खरा कलकत्त्यासाठी होता पण परिणाम सगळीकडे झाला. हळूहळू सिनेट, कार्यकारी मंडळ आणि विद्या परिषद हा आजचा तिहेरी ढाचा तयार झाला.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठं वाढली. नागपूर १९२३ चं होतंच, पुणे १९४९ (पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर), मराठवाडा १९५८, शिवाजी १९६२. या नव्या ठिकाणी विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, स्वतःचे कॅम्पस आले, पण डोक्यावर संलग्न कॉलेजं तशीच राहिली. प्रत्येक विद्यापीठाला वेगळा कायदा, १९७४ ला ते नव्याने केले तरी वेगवेगळेच.

खरी उलथापालथ झाली १९८३ ला. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि इंजिनिअरिंगसकट कॉलेजांची संख्या झपाट्याने वाढायला लागली. गावाकडच्या मुलांना जवळ शिक्षण मिळालं हे खरंच आहे, ते मी अजिबात कमी लेखणार नाही, पण कोण कुठे काय काढणार याला काही हिशोब राहिला नाही. एकाच शहरात दहा आणि शेजारच्या तालुक्यात शून्य.

त्यामुळे १९९४ ला जेव्हा सगळ्या विद्यापीठांसाठी एकच महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला तेव्हा त्यात बृहत आराखडा घातला, आणि आराखड्यात नसलेल्या ठिकाणी नवीन कॉलेजचा अर्जच विचारात घ्यायचा नाही अशी अट टाकली. आराखडा करायचा बीसीयूडीने, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाने. म्हणजे बघा, आराखडा आला तो कॉलेजांच्या गर्दीला लगाम घालायला, विद्यापीठाचं भविष्य ठरवायला नाही, आणि जन्मापासून जे काम त्याला मिळालं तेच तो आजपर्यंत करतोय. याच कायद्यात कार्यकारी मंडळाची व्यवस्थापन परिषद झाली आणि विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका गेल्या.

२०१० नंतर कायदा बदलायची तयारी सुरू झाली, निगवेकर, काकोडकर आणि ताकवले अशा तीन समित्यांनी अहवाल दिले. वर केंद्राची रुसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) योजना २०१३ ला आली, तिने पैसे हवे असतील तर राज्य पातळीवर उच्च शिक्षण परिषद आणि आराखडा हवा असं सांगितलं. यातून निघाला सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, लागू १ मार्च २०१७ पासून. बीसीयूडी गेलं, अधिष्ठाता (विद्याशाखांचे प्रमुख) पूर्णवेळ नेमले जायला लागले, आराखडा बनवायचं काम अधिष्ठाता मंडळाकडे आलं आणि मंजुरी माहेडकडे, म्हणजे राज्याच्या उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे, ज्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री. मंजूर आराखड्यातल्या जागेसाठी संस्थेने अर्ज करायचा, विद्यापीठाने छाननी करायची आणि इरादापत्र (कॉलेज काढायची प्राथमिक संमती) द्यायचं ते शासनाने. म्हणजे कागद विद्यापीठात तयार होतो पण निर्णय मुंबईत होतो.

आणि जबाबदारी? ती कुलगुरूंची. २०१७ लाच मुंबईत ऑनलाइन पेपर तपासणीचा गोंधळ झाला, निकाल महिनोनमहिने रखडले, आणि कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, कुलगुरूंना पदावरून काढलं. बाकी विद्यापीठांतही कुलगुरू कशावरून जोखले जातात तर निकाल वेळेत लागले का यावरून, १८५७ सारखंच! प्राध्यापकांची पदं भरायची तर शासनाची मान्यता लागते, पगाराचं अनुदान शासनाचं, आणि विद्यापीठाच्या हातात स्वतःचं असं जे उत्पन्न उरतं त्यात मोठा भाग परीक्षा फी आणि संलग्नता फीचा. अशा स्थितीत ५ वर्षांचं संशोधनाचं नियोजन करा म्हणणं सोपं आहे, ते करणाऱ्या माणसाचे हात किती बांधलेले आहेत हेही बोललं पाहिजे.

डिसेंबर २०२१ ला एक दुरुस्ती विधेयक आलं होतं, मंत्र्याला प्र-कुलपती करायचं आणि कुलगुरूपदासाठी सरकारने दोन नावं कुलपतींकडे पाठवायची. बराच वाद झाला, सरकार बदलल्यावर ते मागे घेतलं गेलं. त्या वादात सगळे विचारत होते कुलगुरू कोण नेमणार, पण कुलगुरूला पदं आणि पैसा यावर अधिकार किती हा प्रश्न कोणीच फार ताणून धरला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संलग्नता पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची असं आहे. कॉलेजं स्वायत्त होतायत, परीक्षा स्वतः घेतायत. परीक्षा आणि संलग्नता दोन्ही हातातून गेल्यावर विद्यापीठाकडे त्याचे स्वतःचे विभाग, प्रयोगशाळा आणि तिथले शिक्षक उरणार, आणि नेमकी तिथलीच पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत.